गिरणीवाल्यांचा मनोरा



मला पाच मिनिटं दिली आहेत, म्हणून तुम्हाला थेट ब्लॅकपूलला नेतो.

गेल्या वर्षी मुलीकडे मँचेस्टरला गेलो होतो. तिथून पश्चिमेला समुद्रकाठी ब्लॅकपूल हे मौजमजेचं गाव आहे. पॅरिसचा आयफेल टॉवर पाहून तिथल्या महापौरांनी मनावर घेतलं आणि 1894 साली 158 मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. त्याच्या चार पायांमध्ये सर्कस आहे, खालच्या इमारतीत झुंबरांचं नाचघर. आम्ही गेलो तेव्हा ऑर्गनच्या सुरांवर सत्तरी ओलांडलेली जोडपी नाचत होती. लिफ्टने सुमारे 380 फुटांवर गेलो. तिथे पायाखाली काच आहे. बायको म्हणाली, "तुम्ही या उभे राहून, मी इथेच बरी!"

वर गाईडने सांगितलं, की हे गाव वाढलं ते लँकेशायरच्या गिरणी कामगारांवर. एकेका गावच्या गिरण्या वर्षातून एक आठवडा बंद राहायच्या आणि सगळं गाव ब्लॅकपूलला लोटायचं. आज बोल्टनचा आठवडा, उद्या ओल्डहॅमचा.

ओल्डहॅम ऐकलं आणि काचेवरची भीती विसरलो. आमचे अण्णा त्रासन खात्यात होते. त्यांच्या मशीनवर ओतीव अक्षरांत हेच नाव होतं. 'हे कुठं आलं रे?' असं त्यांनी विचारलं, ते मी बाईंना विचारलं आणि बाईंनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. परीक्षेत मी लिहिलं, 'लँकेशायर : दमट हवा, कापडगिरण्या.' त्या गिरण्यांत माणसं होती आणि ती सुट्टीवर जात होती, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

आपल्या दहावीच्या वर्षी, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अण्णांची सुट्टी म्हणजे गणपतीला गावी जाणं. नंतर जी मिळाली, ती संपलीच नाही.

परत आल्यावर त्यांना फोटो दाखवले. मनोऱ्याकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "ती आठवड्याची सुट्टी पगारी होती का?"

मला सांगता येईना. मुलीला फोन केला. तिने शोधून सांगितलं, की आधी बिनपगारी होती. वर्षभर आपल्या भिशीसारखे पैसे साठवून लोक जायचे. पगारी सुट्टीचा कायदा 1938 साली झाला, तोही संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्यावर.

अण्णा म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखेच."

बाई, तुम्ही नकाशावर ठेवलेलं बोट इतक्या वर्षांनी घरी पोचलं. एवढंच सांगायला उभा राहिलो.