ट्रायथ्लॉनचा ओनामा

पूर्वीं खेड्यांतल्या मुलाला पोहावयास शिकवितांना त्याच्या पाठीस सुका भोपळा बांधून त्याला विहिरींत सोडीत. पहिल्या दिवशीं मुलगा कडेचा दगड सोडावयास तयार नसे. चार दिवसांनीं तो हात मारूं लागे. पुढें केव्हां तरी भोपळ्यावांचूनहि आपण बुडत नाहीं, हें त्याचें त्यालाच उमगे. भोपळा कोणत्या दिवशीं सोडावा, हें ओळखण्यांतच शिकविणाराचें सारें कौशल्य असे. एक आठवडा आधीं सोडला, तर मूल जन्मभर पाण्याला भिई. आणि सोडलाच नाहीं, तर तें कधींच पोहणारें होत नसे. आज ज्या खेळाचा विचार करावयाचा आहे, त्याची किल्ली या जुन्या रीतींतच सांपडते.

त्या खेळाचें नांव ट्रायथ्लॉन. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें हीं तीन कर्में त्यांत एकापाठोपाठ एक करावयाचीं असतात. मध्यें विसांवा नसतो. ओले कपडे बदलून सायकलीवर बसावयास लागलेला वेळहि हिशेबांत धरला जातो. २५ सप्टेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें मिशन बे या खाडीच्या कांठीं या नांवाची पहिली आधुनिक शर्यत झाली. तींत ४६ जण उतरले होते. चारच वर्षांनीं, १९७८ सालीं, हवाई बेटांवर एक कठोर शर्यत भरली. तींत सुमारें ३.८ किलोमीटर पोहावयाचें, १८० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किलोमीटर, धांवावयाचें होतें. पंधरा जण निघाले, बारा जणांनीं ती पुरी केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंद लागले. २००० सालीं सिडनी येथें या खेळास ऑलिंपिकमध्यें स्थान मिळालें. तेथील अंतरें मात्र १.५, ४० आणि १० किलोमीटर अशीं बेताचीं आहेत. २०१९ सालीं पणजीनजीक मिरामारच्या किनाऱ्यावर हवाईच्या निम्म्या अंतराची शर्यत झाली, आणि हा खेळ मराठी माणसाच्या अगदीं दाराशीं आला.

नवशिक्याची पहिली चूक येथेंच होते. तो थोर अंतरांच्या गोष्टी ऐकतो आणि मनानें एकदम हवाईस जाऊन पोंचतो. वस्तुतः नवशिक्यासाठीं ७५० मीटर पोहणें, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धांवणें अशी लहान शर्यत आहे. प्राथमिक शाळेंतल्या मुलानें मॅट्रिकचें पुस्तक काखेंत मारून वर्गांत यावें, तशी थोर अंतराची घाई हास्यास्पद असते. शिवाय ती धोक्याचीहि असते.

चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ घेऊं. कचेरींत आठ तास खुर्चीवर बसणारा, थोडें पोट सुटलेला, पण उत्साही. असा माणूस पहिल्या आठवड्यांत रोज धांवतो. तिसऱ्या आठवड्यांत त्याचा दम वाढतो, आणि त्यामुळें आपण तयार झालों असें त्याला वाटतें. हीच फसगत होय. हृदय व फुप्फुसें कांहीं आठवड्यांत नव्या कामास सरावतात. पण कंडरा आणि हाडें यांना महिने लागतात. दम ‘धांव’ म्हणतो आणि टांच ‘थांब’ म्हणते. माणूस दमाचें ऐकतो, आणि सहाव्या आठवड्यांत नडगी किंवा टांच धरून घरीं बसतो. मग ‘आपल्या वयाला हें झेपत नाहीं’ असा निकाल देऊन तो मोकळा होतो. दोष वयाचा नसतो, घाईचा असतो.

तेव्हां आरंभ कसा करावा? पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टरकडून प्रकृति तपासून घ्यावी. छातींत दुखणें, भोंवळ येणें, अकारण धाप लागणें हीं लक्षणें धैर्यानें सोसावयाचीं नव्हेत. त्या क्षणीं थांबावयाचें असतें. त्यानंतर आठवड्याचा क्रम आंखावा. दोन दिवस पोहणें, दोन दिवस सायकल, दोन दिवस धांवणें आणि एक दिवस पूर्ण विश्रांति. विश्रांतीचा दिवस आळसाचा नव्हे. श्रमानें झिजलेलें शरीर त्याच दिवशीं भरून निघतें. प्रत्येक वेळीं अर्धा ते पाऊण तास पुरे. वेग किती असावा, याचें माप साधें आहे. शेजारच्या सोबत्याशीं पुरीं वाक्यें बोलतां आलीं पाहिजेत. बोलतांना शब्द तुटूं लागले, तर वेग कमी करावा. तीन आठवडे श्रम थोडे थोडे वाढवावे आणि चौथ्या आठवड्यांत मुद्दाम कमी करावे.

धांवतांना पहिल्याच दिवशीं सलग धांवण्याचा हट्ट धरूं नये. एक मिनिट धांवावें, दोन मिनिटें चालावें. असें करीत चालण्याचा भाग हळूहळू आटवीत न्यावा. सायकल महागच पाहिजे असें नाहीं. बैठकीची उंची नीट असावी, ब्रेक चोख असावे आणि डोक्यावर हेल्मेट असावें. जड गिअरवर दांत खाऊन पाय रेटण्यापेक्षां हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशी ते नव्वद फेरे मारावे; गुडघे शाबूत राहतात. पोहण्यांत मात्र शक्तीपेक्षां रीत मोठी. नवशिका पाण्यांत श्वास कोंडून धरतो आणि पंचवीस मीटरांत थकतो. तोंड पाण्यांत असतांना श्वास सावकाश सोडावयाचा आणि मान वळतांच आंत घ्यावयाचा, एवढें साधलें कीं अर्धी विद्या हातीं आली. ती जाणत्या शिक्षकाकडूनच घ्यावी.

पाण्याविषयीं एक इशारा अवश्य दिला पाहिजे. या खेळांत झालेल्या मृत्यूंपैकीं बहुतेक पोहण्याच्या टप्प्यांतच झाले आहेत. तलावांत तळ दिसतो, कांठ हाताशीं असतो. समुद्रांत दोन्ही नसतात, आणि आजूबाजूस शेंकडों हातपाय पाणी घुसळीत असतात. म्हणून खुल्या पाण्याची संवय जाणत्या सोबत्यांसह, सुरक्षित जागीं, बेताबेतानें करावी. एकट्यानें कधींहि उतरूं नये. शर्यतींत भीति वाटल्यास पाठीवर तरंगावें, हात वर करून मदत मागावी. परत फिरणें ही नामुष्की नव्हे.

दोन महिन्यांनंतर एक नवा धडा येतो. सायकलीवरून उतरून लगेच धांवूं गेलें, कीं पाय परक्याचे वाटतात. लांकडासारखे ताठ होतात. पुष्कळांना ती दुखापत वाटते. खरें पाहतां पायांना एका चालीची संवय जडलेली असते आणि दुसरी चाल एकाएकीं मागितली जाते, एवढेंच. आठवड्यांतून एकदां सायकलीनंतर लगेच दहा मिनिटें धांवावें, पाय शिकतात. खाण्यापिण्याचीहि अशीच तालीम करावी. जें सरावांत पचलें, तेंच शर्यतीच्या दिवशीं घ्यावें.

खाण्यापिण्यांत वा वेगांत हिशेब चुकला म्हणजे काय होतें, तें १९८२ सालच्या फेब्रुवारींत हवाईमध्यें जगानें पाहिलें. ज्यूली मॉस ही विद्यार्थिनी आपल्या अभ्यासविषयाच्या प्रबंधासाठीं शर्यतींत उतरली होती. स्त्रियांत ती सर्वांच्या पुढें होती. शेवटची रेषा दृष्टीच्या टप्प्यांत आली आणि तिचे पाय गळाले. ती पडली, उठली, पुन्हां पडली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागें टाकून गेली. मॉसनें अखेर रांगत जाऊन रेषा ओलांडली. तिच्या जिद्दीला जगानें वाखाणलें, आणि तें योग्यच होतें. पण नवशिक्यानें त्या चित्रांतून रांगणें उचलूं नये. शेवटच्या मैलासाठीं शक्ति राखणें उचलावें.

आणि खंड पडला तर? तो पडणारच. मुलाची परीक्षा असते, घरांत आजार येतो, पावसाळ्यांत रस्ते पाण्याखालीं जातात. चुकलेला आठवडा पुढच्या आठवड्यांत दुप्पट श्रमानें भरून काढूं नये. जेथें सुटलें, तेथून दोन पावलें मागें येऊन पुन्हां सुरुवात करावी. आळंदीहून निघालेली पालखी अडीच आठवड्यांहून अधिक दिवस चालून पंढरपुरास पोंचते. मुक्काम ठरलेले असतात, पहांटे पुन्हां पाऊल उचललें जातें; म्हणूनच सत्तरीची म्हातारीहि ती वाट चालून जाते.

वयाचा प्रश्न शेवटीं उरतो. जपानमधील हिरोमु इनादा यांचा जन्म १९३२ चा. साठीनंतर, निवृत्तीच्या काळांत, ते पोहूं लागले. पहिली ट्रायथ्लॉन त्यांनीं सत्तरीला केली. २०१५ सालीं हवाईच्या शर्यतींत ते शेवटच्या रेषेपाशीं कोसळले आणि अवघ्या कांहीं सेकंदांनीं त्यांची मुदत हुकली. दिवसभराचे श्रम हिशेबांत धरले गेले नाहींत. त्या वयाच्या माणसानें तेथें थांबावयास कोणाचीच हरकत नव्हती. पण ते सरावाला परत गेले. २०१८ सालीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, त्यांनीं तीच शर्यत मुदतीच्या आंत पुरी केली.

ज्याला आरंभ करावयाचा असेल, त्यानें इनादा यांचें शेवटचें वर्ष डोळ्यांपुढें न ठेवतां त्यांचें पहिलें वर्ष ठेवावें: साठ वर्षांचा एक माणूस, एक तलाव, आणि पहिली फेरी. उद्यां पहांटे तितकें करावें. परवां विश्रांति घ्यावी. तेरवां पुन्हां करावें. भोपळा केव्हां सोडावयाचा, तें पाणीच सांगेल.