खानावळीची वही

हुबळी-धारवाडच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरले वांगे व शेंगदाण्याची चटणी यांच्याइतकीच मोलाची वस्तू म्हणजे मासिक गिऱ्हाइकांची वही. कोण कोठे राहतो, कोणास तिखट सोसत नाही, हे मालकास ठाऊक असे. आज स्विगी-झोमॅटोवरून मागणी येते. परंतु ती वही बहुतांशी ॲपच्याच हाती राहते, आणि प्रत्येक ताटामागे अडत द्यावी लागते ती निराळीच. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने २०२२ साली या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला, तो उगाच नव्हे.

याउलट १८९० पासून चालत आलेली मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था पाहा. डबेवाला पोहोचविण्याचे ठरीव मासिक दाम घेतो. अन्नाच्या किमतीत वाटा मागत नाही. वाहकाने वाहकच राहावे, हा तिचा धडा होय.

श्रोतेहो, ॲप एकाएकी सोडावे असे नाही. नवे गिऱ्हाईक त्यातून खुशाल यावे. मात्र दुसऱ्या खेपेस ते थेट आपल्याकडे यावे, अशी तजवीज हवी. दुकानात जेवून जाणाऱ्यास दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी द्यावी. करारात आडकाठी नसल्यास थेट मागविणाऱ्यास वाचलेल्या अडतीतून सूट द्यावी. जवळच्या गल्ल्यांसाठी आपला माणूस ठेवावा. वसतिगृहांचे व कचेऱ्यांचे मासिक डबे धरावेत. वही पुन्हा गल्ल्यापाशी आली, की अडतीचा भार आपोआप हलका होऊ लागेल.