चार बोटांची फांदी



पावसाळ्यात कधी कधी आमच्या गच्चीवर रात्री नऊनंतर माणसं जमतात. निमित्त ब्रह्मकमळाचं. शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन येतात, माझी बायको चहा टाकते, पोरंसोरं कठड्यावर बसतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कळी उमलत जाते. सकाळी पाहावं तर फुलानं मान टाकलेली असते.

खरं तर हे ब्रह्मकमळ नव्हेच. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर फुलतं. ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे. आपल्या घरातलं हे झाड निवडुंगाच्या कुळातलं, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. तिथल्या दमट जंगलात ते मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर वाढतं. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड असतं. तुकडा तोडून दोन-चार दिवस सावलीत सुकवला आणि मातीत खोचला की रोप तयार. आमच्या गल्लीत हे झाड कुणीही विकत आणलेलं नाही. एकानं दुसऱ्याला दिलं आणि ते घरोघर पोचलं.

मला आगळ्यावेगळ्या झाडांचा नाद लागला तो याच झाडामुळे. पण नादाला हाव चिकटायला वेळ लागत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आंबोलीहून कोल्हापूरला परतताना रस्त्याकडेच्या एका झाडावर सीतेची वेणी फुललेली दिसली. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लोंबता गजराच. हेच ऑर्किड आसामचं राज्यफूल. तिथल्या मुली बिहूच्या सणात ते केसांत माळतात. मी गाडी थांबवली, मुळं सालीपासून ओरबाडून काढली आणि ते झाड घरी आणलं. छान शेणखत घातलेल्या कुंडीत लावलं. रोज पाणी घातलं. दोन महिन्यांत ते कुजून गेलं.

का कुजलं, ते नंतर पुस्तकं चाळल्यावर कळलं. ही झाडं मातीत वाढतच नाहीत. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. ते पावसाचं पाणी चटकन शोषतं आणि मग त्याला मोकळी हवा लागते. मी त्या मुळांना चिखलात गाडलं होतं. त्याहून वाईट वाटलं ते दुसरी गोष्ट वाचून. ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखं बारीक, अगणित बी असतं. पण त्या बीजात अन्नाची शिदोरीच नसते. रानात विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजतं, आणि मग फुलावर यायला कित्येक वर्षं लागतात. मी काही मिनिटांत जे ओरबाडलं, ते घडवायला रानाला एवढा काळ लागला होता. त्यावर कविता लिहायला बसलो होतो. लिहवली नाही.

त्यानंतर एक नियम केला. रानातलं उपटायचं नाही. कुणाच्या घरी वाढलेल्या झाडाची फांदी मिळाली तरच आणायची.

या नियमानंच मला माझं सगळ्यात लाडकं झाड मिळवून दिलं. जुन्नरकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या अंगणात शिंदळ माकुडी पाहिली. ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात, आणि तीही मोजक्या डोंगरकड्यांवर आढळते. शिवनेरी त्यांतलाच एक. १८६० च्या दशकात डॅलझेल नावाच्या वनाधिकाऱ्यानं तिची शास्त्रात नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. मांसल खोड, पावसाळ्यात हिरवी पानं, आणि चांदणीसारखी गर्द किरमिजी फुलं, त्यांवर पिवळी नक्षी.

गुरुजींनी चार बोटांची फांदी कापून दिली आणि म्हणाले, "एक अट आहे. रुजली की आधी दोघांना द्यायची, मग मिरवायची."

मुरूम, वाळू आणि विटांचे तुकडे घालून मी ती लावली. हिवाळा सरता सरता सगळी पानं गळाली. मेली म्हणून कुंडी रिकामी करायला निघालो, तर बायको म्हणाली, "अहो, राहू द्या. पाऊस तर येऊ दे." ती विश्रांती होती. उन्हाळ्यात पानं टाकून, खोडातल्या पाण्यावर तग धरणं हीच तिची रीत. पाऊस पडला आणि पानं फुटली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये फूल आलं. अटीप्रमाणे एक फांदी शेजारच्या वहिनींना दिली, दुसरी एका मित्राला. देताना हात जरा जडच झाला होता, हे कबूल करतो.

२०१९ च्या त्या भयंकर पावसात कोल्हापूर पाण्यात होतं. आमची गल्ली उंचावर, म्हणून घर वाचलं. पण गच्चीवरच्या कुंडीत पाणी साचून माझी शिंदळ माकुडी बुडापासून सडली. वहिनींनी मात्र त्यांची कुंडी पत्र्याच्या आडोशाला, तुळशीशेजारी ठेवली होती. सप्टेंबरमध्ये त्या स्वतः फांदी घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाईजान, तुमचीच तुम्हाला." गुरुजींच्या अटीचा अर्थ मला तेव्हा कळला. जे माझ्यापाशी राखून ठेवलं ते गेलं. जे देऊन टाकलं ते परत आलं.

एक भ्रम मात्र नको. कुंडीत झाड जगवलं म्हणजे जात वाचली असं होत नाही. एकाच फांदीपासूनची सगळी रोपं म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. त्या जातीचं खरं घर कड्यावरच आहे, आणि तो कडा वणव्यापासून, खाणीपासून आणि माझ्यासारख्या हौशी हातांपासून वाचायला हवा. शिवाय परदेशी झाड आणताना हेही लक्षात असू द्या, की घाणेरी आणि जलपर्णी ही दोन्ही शोभेसाठीच परमुलखातून आपल्याकडे आली. आज एकीनं माळरानं व्यापली आहेत, दुसरीनं नद्या-तळी. बागेतलं नकोसं झालेलं काहीही ओढ्यात टाकू नका.

यंदा पावसाळ्यात तुमच्याकडे एखादं वेगळं झाड फुललं, तर शेजाऱ्यांना जरूर बोलवा. आणि निघताना त्यांच्या हातात चार बोटांची एक फांदी द्या.