पाइप चपटा झाला, पण दोष कुणाचा?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग गाडीवाल्यांसाठी. आणि घरच्यांची जुनी गाडी चालवणाऱ्यांसाठी तर खास.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. आमच्याकडे बाबांची जुनी डिझेल गाडी आहे. एकदा सकाळी बॉनेट उघडलं, तर रेडिएटरचा वरचा होस पाइप चपटा! कुणीतरी मुठीत दाबून धरल्यासारखा. मेकॅनिक म्हणाला, "पाइप म्हातारा झालाय, बदलू." बदलला. आठवड्याभरात नवा पाइपही तसाच चपटा. आम्ही म्हटलं, गाडी तर चालतेय, आणि कूलंटची बाटलीही भरलेली दिसतेय. जाऊ दे.

मग एक दिवस खंबाटकी घाट. मागच्या सीटवर आई आणि आजी. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा थेट लाल रेषेवर. बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, तासभर उन्हात बसलो. गाडी पूर्ण थंड झाल्यावर झाकण उघडलं, तर रेडिएटर अर्धा रिकामा! बाटली मात्र काठोकाठ.

झालं काय होतं? नीट ऐका, सगळी गोम इथेच आहे.

इंजिन तापलं की कूलंट फुगतं. दाब वाढला की रेडिएटरच्या झाकणातला मोठा व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं कूलंट बारीक नळीतून बाटलीत जातं. इंजिन थंड झालं की कूलंट आकसतं आणि आत व्हॅक्यूम तयार होतो. त्या वेळी झाकणाच्या मधोमध असलेला छोटा व्हॉल्व्ह उघडायला हवा, म्हणजे बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. तो जाम असेल, किंवा नळी दुमडलेली वा तुंबलेली असेल, तर ओढ बसते मऊ रबरावर. पाइप चपटा! गेलेलं कूलंट परत येत नाही, सांध्यांतून हवा आत शिरते, आणि पातळी हळूहळू घटत जाते.

म्हणजे पाइप बिचारा फक्त तक्रार करत होता. गुन्हेगार होतं झाकण.

आता तुम्ही काय तपासायचं? पहिला प्रश्न एकच: पाइप कधी चपटा होतो?

गाडी थंड झाल्यावर होत असेल, तर झाकण आणि नळी बघा. गार गाडीचं झाकण सैल करा. 'फुस्स' आवाज येऊन पाइप परत गोल झाला, तर आत व्हॅक्यूम होता हे पक्कं. झाकण उलटं करून मधली छोटी चकती नखाने हळूच ओढा. ती सहज हलून परत बसायला हवी. रबर चिरलंय का बघा. नळी काढून फुंकून बघा. तिचं टोक बाटलीतल्या कूलंटमध्ये बुडालेलं हवं, नाहीतर ती हवाच ओढेल. नवं झाकण घेताना जुन्यावरचा दाबाचा आकडा, म्हणजे 0.9 किंवा 1.1, तोच घ्या.

इंजिन चालू असताना, रेस दिल्यावर खालचा पाइप आत ओढला जात असेल, तर गोष्ट वेगळी. तिथून वॉटर पंप कूलंट खेचतो. रेडिएटर आतून चोक असेल तर पंपाला पुरेसं मिळत नाही. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की क्षार जमतातच. किंवा पाइप तेलाने मऊ पडला असेल. काही गाड्यांत खालच्या पाइपात तारेची स्प्रिंग असते. पाइप बदलताना ती फेकली, किंवा गंजून गेली, तरी हेच होतं. हे तपासताना हात, ओढणी, चार्जरची वायर पंख्यापासून लांब. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो.

आणि एक गोष्ट कोरून ठेवा: तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाबामुळे आतलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण निघालं की क्षणात उसळून तोंडावर येतं. काटा चढला तर एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि थांबा. उशीर झालेला परवडतो, हेड गॅस्केट परवडत नाही.

आमचं काम शेवटी एका नव्या झाकणावर भागलं. पाइप आजही गोल आहे. आजी मात्र अजून विचारते, "आज झाकण बघितलंस का रे?"

तर उद्या सकाळी, गाडी गार असताना, दोन मिनिटं बॉनेट उघडा आणि बघा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!