तुटलेला स्टड आणि तरफेचा धडा



तरफेचा नियम मीं शाळेंत तीस वर्षें शिकविला. दांडा जितका लांब, तितक्या थोड्या जोरांत अधिक भार हलतो, हें वाक्य फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. तोच नियम विसरून मीं एका मोटारीचें इंजिन जवळजवळ निकामी केलें. ती हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

मोटार म्हणजे माझ्या कैलासवासी वडील बंधूंची अँबॅसडर. भडगांवाहून पाचोऱ्यास दवाखान्यांत जावयाचें झालें कीं वहिनी अजूनहि तिच्यांतच बसतात. मॉरिस ऑक्सफर्ड या विलायती गाडीच्या घाटावर ही मोटार बंगालमध्यें उत्तरपाड्याच्या कारखान्यांत तयार होत असे. २०१४ सालीं तें उत्पादन बंद पडलें. तेव्हांपासून तिचा एखादा मोठा भाग बिघडला, तर जुन्या बाजारांत शोधीत फिरावें लागतें.

गेल्या हिवाळ्यांत इंजिनांतून टकटक आवाज येऊं लागला. या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनांत झडपा वर, हेडांत असतात. खालून पुशरॉड वर ढकलला जातो, रॉकर तराजूच्या दांडीसारखा कलतो आणि झडप उघडते. सारे रॉकर एका दांड्यावर ओवलेले असून तो दांडा चार ठोकळ्यांवर बसतो. प्रत्येक ठोकळ्यास दोन स्टड: एक मोठा, जो खालीं ब्लॉकपर्यंत जाऊन हेडहि धरून ठेवतो, दुसरा लहान, जो केवळ हेडांत बसतो. या लहान स्टडाच्या नटास २५ फूट-पौंडांचा पीळ पुरे होतो. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाशीं सुमारें ११ किलो जोर दिला, कीं तेवढा पीळ होतो.

नट सैल असावा असें मीं मनाशीं ठरविलें, पान्यास नळी जोडून तो दोन फुटांचा केला आणि ओढला. तोच हात आतां दुप्पट पीळ देत होता. नट क्षणभर अडला आणि एकाएकीं हलका झाला. स्टड तुटला होता.

मग छिन्नी-हातोडा घेऊन तुकडा फिरवावयास बसलों. इतक्यांत गॅरेज चालविणारा माझा एक जुना विद्यार्थी आला. वर्गांत तो मागच्या बांकावर बसे. तो म्हणाला, "गुरुजी, हातोडा ठेवा. हेड गेलें तर दुसरें कोठून आणूं?"

त्यानें तुटक्याच्या मुळाशीं डिझेल व तेल सोडलें आणि तें रात्रभर तसेंच राहूं दिलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें रेडिएटरचें पाणी काढून टाकलें. मीं कारण विचारलें. "ठोकळ्यांचे मोठे चार नट हेडहि धरतात, गुरुजी. तेवढेच सोडले नि बाजूचे आवळलेले राहिले, तर हेड वांकतें आणि पाणी सिलिंडरांत शिरतें." म्हणून त्यानें सर्व नट क्रमानें थोडे थोडे सैल केले व हेडच उतरवून टेबलावर घेतलें. त्यामुळें लोखंडाचा चुराहि इंजिनांत पडला नाहीं.

तुकडा दोन आटे वर राहिला होता. त्यावर नट ठेवून त्यानें आंतून वेल्डिंग केलें. त्या उष्णतेनें गंजाची पकड सुटते. नट निवाल्यावर पाना लावला, तोहि एका दमांत फिरविला नाहीं. किंचित् मागें, किंचित् पुढें, पुन्हां तेल, असें अर्धा तास चाललें आणि तुकडा हातांत आला.

स्टड हेडाशीं समपातळींत तुटला, तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिलनें भोंक पाडावें लागतें आणि उलट्या आट्यांचा ईझी-आउट लावावा लागतो. परंतु तें हत्यार कडक पोलादाचें. तें आंत मोडलें तर त्यावर साधें ड्रिल चालत नाहीं आणि संकट दुप्पट होतें. हेडाचे आटेच गेले, तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवितां येतात. तो अखेरचा उपाय.

त्यानें टॅप फिरवून आटे साफ केले, नवा स्टड हातानेंच बसविला, नवें गॅस्केट घातलें आणि टॉर्क पान्यानें नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानें आवळले. शेवटीं टॅपेटची फट फीलर गेजनें मोजून जुळविली. मूळचा आवाज त्या वाढलेल्या फटीचाच होता. नट बिचारा निर्दोष होता!

पैसे देतांना मीं म्हटलें, "तरफ तुला मींच शिकविली ना?" तो हंसून म्हणाला, "होय गुरुजी, पण तेव्हां हातांत पाना नव्हता."

जुनी गाडी बाळगणाऱ्यांस माझें सांगणें इतकेंच. आवाजाचें कारण कळल्यावांचून नट आवळूं नये, पान्यास नळी जोडूं नये आणि स्टड तुटलाच तर त्या दिवशीं त्यास हात लावूं नये. वहिनी परवां त्याच गाडीनें पाचोऱ्यास जाऊन आल्या.