उपग्रहाला बोअरचे पाणी दिसत नाही

केळापूर तालुक्यात पाटणबोरीला जा की करंजीला, मला एकच प्रश्न विचारतात: “साहेब, उपग्रहावरून पाहून सांगा, आमच्या वावरात बोअर कुठं मारू?” आज त्याचंच उत्तर देतो.

सेंटिनेल-2 हा उपग्रह जमिनीचा 10 मीटर लांब-रुंद तुकडा वेगळा ओळखतो. टवटवीत पान अवरक्त किरण भरपूर परत फेकतं. पऱ्हाटी सुकू लागली की ते कमी होतात. त्यावरून पिकाचा हिरवेपणा कळतो. मात्र धुऱ्यावरचं गाजरगवतही त्याला हिरवंच दिसतं. सायखेडा धरणात पाणी किती पसरलंय, तेही कळतं. ढग आडवे आले की रडारचा उपग्रह लागतो.

पण हे सगळं जमिनीच्या वरचं. ग्रेस या जोड-उपग्रहाने 2002 ते 2017 गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकावरून भूजलाची घटवाढ टिपली, आज त्याचा वारस तेच करतो. पण त्याचं माप शेकडो किलोमीटरचं. अख्ख्या विदर्भाचा मिळून एखादा आकडा! त्यात तुमचं तीन एकर वावर कुठून दिसणार?

म्हणून हात जोडून सांगतो: मोबाइलवर रंगीत नकाशा दाखवून “इथं तीनशे फुटांवर पाणी आहे” असं कोणी म्हणालं, तर बोअरची गाडी बोलावू नका. आपल्या बऱ्याच भागात खाली काळा पाषाण आहे. पाणी असतं वरच्या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. इथं भेग लागेल, वीस पावलांवर लागणार नाही. नकाशा फार तर भेगेची दिशा सुचवतो; तिच्यात पाणी आहे की नाही, ते जमिनीवर येऊन तपासावं लागतं. सरकारसुद्धा नुसत्या चित्रावर दुष्काळ ठरवत नाही. 2018 साली 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्याआधी माणसं शेतात जाऊन पिकं पाहून आली होती. आणि तुम्ही? पहिलं बोअर कोरडं, दुसरं कोरडं, तरी तिसऱ्यासाठी बायकोच्या कानातलं गहाण! अहो, त्या माऊलीला विचारलं तरी होतं का? जीव तुटतो हो माझा हे ऐकून.

पाणी लागलं तरी लगेच पोरांना पाजू नका. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळलंय. त्यानं दात डागाळतात, पुढं हाडं धरतात. पाणी उकळून ते जात नाही. आधी तपासून घ्या.

जागेचा सल्ला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून घ्या. 60 मीटरपेक्षा खोल जायला कायद्याचे निर्बंध आहेत, तेही तिथंच विचारा.

एक काम मात्र तुम्हीच करा. पावसाळा सरल्यावर आणि मे महिन्यात विहिरीत दोर सोडून पाणी मोजा, तारीख घालून वहीत लिहा आणि ते आकडे आम्हाला कळवा. आमचं चित्र खरं की खोटं, ते तुमच्या विहिरीवरच ठरतं.