भयपटातलं हसू कोणाच्या बाजूचं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘माध्यमं आणि हिंसा’ या विषयावरच्या शिबिरात मी स्वस्तातल्या, हसवणाऱ्या भयपटांबद्दल बोलणार, याचं काहीजणींना नवल वाटेल. बाईच्या किंकाळीवर पैसा करणारे हे चित्रपट; त्यांच्याशी आपलं काय देणंघेणं? पण ते आवडीने पाहणाऱ्या मुली आपल्याच गटांत आहेत. त्यांना नावं ठेवण्याआधी ही आवड कशाची आहे, ते समजून घेऊ या.

एकच उदाहरण घेते. ‘द स्लंबर पार्टी मॅसकर’ हा १९८२ चा अमेरिकन चित्रपट. आईवडील गावाला गेलेत म्हणून एक शाळकरी मुलगी मैत्रिणींना रात्री राहायला बोलावते आणि पळून आलेला एक खुनी हातात ड्रिल घेऊन तिथे पोचतो. पटकथा रीटा मे ब्राउन यांची. ‘रूबीफ्रूट जंगल’ (१९७३) या कादंबरीच्या लेखिका असलेल्या, स्त्रीमुक्ती चळवळीतल्या ब्राउन यांनी ती अशा चित्रपटांचं विडंबन म्हणून लिहिली होती. दिग्दर्शन अ‍ॅमी होल्डन जोन्स यांचं. चित्रपट बराचसा सरळ भयपट म्हणूनच काढला गेला, तरी मूळचं विडंबन जागोजागी डोकावतं.

पिझ्झा घेऊन आलेला मुलगा दारातच मरून पडतो. मुली भेदरलेल्या, पण त्यांतल्या एकीला भूक लागते आणि ती तोच पिझ्झा खायला घेते! खुन्याचं ड्रिल म्हणजे कशाचं प्रतीक, हे जाहिरातीच्या चित्रातच उघड केलेलं आहे. शेवटी एक मुलगी कोयत्याने त्या ड्रिलचं टोकच छाटते. तिथे हसू फुटतं. ते हसू मुलीच्या बाजूचं आहे.

आणखी एक गोष्ट. या खुन्याला मुखवटा नाही, तो भूतपिशाच्च नाही. चारचौघांसारखा दिसणारा पुरुष आहे. आपल्याकडे मदत मागायला येणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. ज्याची भीती घालून मुलींना घरात बसवलं जातं, त्याची मैत्रिणींसोबत बसून टर उडवता येणं, हा मला या आवडीचा गाभा वाटतो.

पण दुसरी बाजूही पाहायला हवी. याच चित्रपटात शाळेतल्या न्हाणीघराचं दृश्य आहे आणि कॅमेरा मुलींच्या उघड्या अंगांवरून सावकाश फिरतो. अशा चित्रपटांच्या बाजाराची ती ठरलेली मागणी होती. लेखिका बाई, दिग्दर्शिका बाई, तरी ती टळली नाही. बाईच्या हाती कॅमेरा आला म्हणजे नजर आपोआप बदलत नाही. पैसा कोणाचा, हेही पाहावं लागतं.

याच कमी पैशाने एक दारही उघडलं. नावाजलेले नट नाहीत, बुडालं तरी थोडकंच बुडणार. म्हणून नवख्या बायकांना दिग्दर्शनाची संधी मिळाली. या मालिकेतले १९८२, १९८७ आणि १९९० चे तिन्ही चित्रपट स्त्रियांनी दिग्दर्शित केले आहेत.

म्हणून माझी सूचना आहे: आपल्या मुलींबरोबर असा एखादा चित्रपट पाहा. हसू येईल तिथे मोकळेपणाने हसा. मग ज्या दृश्याला कोणालाच हसू आलं नाही, तिथून चर्चेला सुरुवात करा.